पाच घरचे घास

लहान मुलांचं जेवण मोजायचं काम करते असं सांगितलं की लोक आधी हसतात आणि मग विचारतात, म्हणजे नक्की काय करता? काय करणार, मोजते. सकाळी आठला एका घरी जायचं, दिवस मावळायच्या आत निघायचं, आणि मधल्या वेळात त्या घरातलं तीन वर्षांच्या आतलं लेकरू जे जे तोंडात घालील ते आधी काट्यावर ठेवायचं. रिकामी ताटली मोजायची, वाढलेली मोजायची, खाऊन उरलेलं मोजायचं. भुईवर सांडलेलं वेचून तेही मोजायचं. आठच्या आधीचं आणि रात्रीचं आईला विचारून लिहायचं. कोंबडीने पळवलं तर कोंबडीच्या नावावर अंदाजाने लिहायचं. जुन्नर-आंबेगावातली पोरं काय खातात, किती खातात आणि त्यावर कशी वाढतात, असं एक संशोधन चाललंय, त्याच्यासाठी हे आकडे पुण्याला जातात. माझं शिक्षण गृहविज्ञानाचं, सासर मंचरजवळ, मुलगा नोकरीला लागून बाहेरगावी गेलेला, आणि दुपारच्या मालिका बघत बसायचा मला मनापासून कंटाळा. म्हणून हे काम धरलं.

दोन महिन्यांत गावोगाव माझं नाव 'काटेवाली बाई' पडलं. माझा स्वभाव तापट, आणि हे काम तर तापट माणसाची परीक्षा बघणारं. आपण मोजायला जाणार म्हटल्यावर त्या दिवशी घरात हमखास शिरा होतो. मी म्हणायची, "अहो, रोज जे करता तेच करा, मी पाहुणी नाही." त्यावर एका आजींनी मला सुनावलं होतं, "दिसभर आमच्या दारात बसतीस आन् पावणी न्हाईस, मग कोण हाईस?" दुसरी तऱ्हा आयांची. पोराने अर्धवट टाकलेला वरणभात आई न बघता स्वतःच्या तोंडात टाकते आणि ताटली घासून, चकचकीत करून माझ्यापुढे आणून ठेवते. मी ओरडले की बिचारी कावरीबावरी होते. उष्टं संपवायची सवय हाताला लागलेली, त्याला ती तरी काय करणार! हे मला कळायचं, तरी मी ओरडायचीच.

आमच्या कामात दोन नियम फार कडक. लेकरू नजरेआड होऊ द्यायचं नाही, आणि आपल्याकडचं त्याला काहीही द्यायचं नाही. बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही. दिलं की त्या दिवसाचे आकडे गेलेच म्हणून समजा.

ज्या घराची ही गोष्ट, ते राजुरीच्या अलीकडे एका वस्तीवर आहे. द्राक्षाची बाग, दारात पिकअप, पत्र्याखाली ट्रॅक्टर. कशाला कमी नाही. घरात पुरुषमाणसं बागेत गेली की तिघीच उरायच्या: पंचविशीची एक अबोल सून, तिची सासू आणि सुनेची लेक. सासू म्हणजे माझीच थोरली बहीण शोभावी अशी, तोंडाने फटकळ. पोरीला मी तिच्या आठव्या महिन्यापासून ओळखत होते. तेव्हा ती अंगावर पीत होती. आईचं दूध काही ताटलीत घालून मोजता येत नाही. म्हणून पाजायच्या आधी बाळाला काट्यावर ठेवायचं, पाजून झालं की त्याच कपड्यांत पुन्हा ठेवायचं. जेवढं वजन वाढलं तेवढं दूध पोटात गेलं. त्या सुनेला याची भारी गंमत वाटली होती. कितीतरी दिवस ती मला बघितलं की हसायची.

आता पोर अडीच वर्षांची झाली होती, आणि हसण्यासारखं काही राहिलं नव्हतं. तिचे आकडेच जुळत नव्हते. मी मोजलेलं तिचं दिवसभराचं खाणं म्हणजे एखाद्या आजारी पाखराचं. दुपारी चार घास वरणभात, संध्याकाळी अर्धी पोळी, मधे दोन-चार द्राक्षं. सकाळी मी पोचले की सून सांगायची, "अजून कायबी नाय खाल्लं, आत्ताच उठलीया." आणि पोर तर गुटगुटीत! दर महिन्याला वजन तक्त्यातल्या रेषेवर, गाल असे, पळायला लागली की मला हाताला सापडायची नाही.

पुण्याच्या आमच्या मोठ्या मॅडम, म्हणजे या कामाच्या प्रमुख डॉक्टर, फोनवर कधी आवाज चढवत नाहीत. त्या दिवशीही चढवला नाही. म्हणाल्या, "एवढ्याशा खाण्यावर मूल असं वाढू शकत नाही. एक तर काहीतरी तुमच्या नजरेतून सुटतंय, नाहीतर..."

"नाहीतर काय?" मी विचारलं.

"नाहीतर हे फॉर्म घरी बसून भरलेत. रागवू नका, मला विचारावंच लागतं. पुढच्या आठवड्यात त्या घरी सलग तीन दिवस पुन्हा मोजा. तरीही जुळलं नाही, तर तुमच्याकडची सगळीच घरं मला बाजूला ठेवावी लागतील."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. दोन वर्षं उन्हातान्हात शेअर जीपच्या मागच्या फळीवर बसून फिरले, लोकांच्या अंगणात भात वेचत बसले, आणि घरी बसून फॉर्म भरते म्हणे! फोन ठेवल्यावर मी मिस्टरांशी उगाचच भांडले. पण खरं सांगते, रागाच्या खाली भीती होती. माझं एक घर खोटं ठरलं की सगळी घरं खोटी ठरणार होती. एवढ्या आयांनी मला चुलीपाशी बसू दिलं, तो सगळा विश्वास कचऱ्यात जाणार होता.

मी ठरवलं, नेहमीची जीप धरायचीच नाही. दूध गोळा करणारा टेम्पो नारायणगावाहून पहाटे निघतो आणि उजाडताना त्या वस्तीवर पोचतो. मिस्टरांना स्कूटरवर तिथवर सोडायला लावलं आणि त्याच्या ड्रायव्हरला गाठलं. तो म्हणाला, "बसा की, पण क्यानचा वास सोसावा लागंल." सोसला. बिबट्याच्या भीतीने हल्ली तिकडे पुरतं उजाडल्याशिवाय कुणी बाहेर पडत नाही, त्यामुळे मी उतरले तेव्हा वस्ती नुकती जागी होत होती.

आणि बघते तर काय, आपली ही सून, अंगावर बरी साडी, पुढ्यात पोर, सुताराच्या दारात उभी. पदर दोन्ही हातांनी पुढे धरलेला. आतून सुतारीण आली, तिने ताटलीतला भाकरीचा तुकडा भाजीत बुडवून पोरीच्या तोंडात दिला. पोरीने तो मटकावला, दुसरा मागितला, तोही मिळाला. मग सून पुढच्या दारात गेली.

बागायतदाराची सून लोकांच्या दारात मागत फिरते? सासू जेवायला घालत नाही की काय? मी बॅग सावरत पाठोपाठ निघाले. मास्तरांचं घर झालं, दुकानवाल्याचं झालं, दूध डेअरीवाल्याचं झालं. वस्तीच्या टोकाला मेंढ्यावाल्यांचं घर आहे, ते शेवटचं. तिथल्या म्हातारीने तर वाटीभर शेळीच्या दुधात भाकरी कुस्करून तयारच ठेवली होती. मांडी घालून बसली, पोरीला पुढ्यात घेतलं आणि सगळी वाटी रिकामी करूनच सोडली. पोरगी ढेकर देऊन उठली. मी कपाळाला हात लावला. मी आठला येऊन "सकाळी काय खाल्लं" विचारत होते आणि पोर सातलाच पोट भरून बसत होती.

परत फिरताना सुनेने मला बघितलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. घरी पोचेपर्यंत ती मान खाली घालून पुढे चालत राहिली. मी मात्र ओट्यावर पाय ठेवल्या ठेवल्या सुरू झाले. माझी नोकरी जायची वेळ आलीय, मला खोटारडी म्हणतात, आणि तुम्ही माझ्याशी असं वागता होय? लाज नाही वाटत?

सासूने मला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "झालं? बसा आता."

आणि मग तिने सांगितलं. या पोरीच्या आधीची दोन गेली. पहिलं जन्मतानाच गेलं, दुसरं तीन महिन्यांचं होऊन गेलं. ही झाली तेव्हा सासूने देवाला बोलणं केलं होतं, नवसच म्हणा: तिसरं वर्ष सरेपर्यंत पोरीचा सकाळचा पहिला घास घरचा नाही. जेवायला लागल्यापासून रोज पाच घरी मागायचं, आणि तेही भावकीत नाही, परक्यांच्यातच. घरात गॅस पेटायच्या आत.

"मागून वाढलेलं लेकरू कुणाचं ते कळत न्हाई," ती म्हणाली. "नेणाऱ्यालाबी."

माझ्या फॉर्मवर एक रकाना आहे, आधी किती मुलं दगावली. त्या रकान्यात मी या घरासाठी 'दोन' लिहिलं होतं आणि पुढच्या प्रश्नाला गेले होते. पुढचा प्रश्न पिण्याचं पाणी कुठून आणता, असा आहे. मला माझीच लाज वाटली.

सून हळूच म्हणाली, "बोलायचं नसतं कुणापाशी. तुमाला रोज खोटं सांगितलं ताई. लई वाईट वाटायचं."

आता रागवायचं तरी कुणावर? पण माझं काम तर उरतंच. मी जरा नरमाईने म्हटलं, "बरं, झालं ते झालं. उद्यापासून मी तुमच्याबरोबर येते. प्रत्येक घरी देतील ते फक्त काट्यावर ठेवू, तीनच दिवस. मग मी विचारणार नाही."

सासू ताडकन उठली. "ते जमायचं न्हाई. मागितलेलं मोजत नसत्यात. मोजून घेतलं म्हंजे इकत घेतल्यावानी झालं, मग मागणं कुठं ऱ्हायलं? तुमचं काम मोडायचं असंल तर मोडू द्या. आमचं नाव काढून टाका."

मी नवस-बिवस मानत नाही. माहेरी याच्यावरून मी आईशी खूप भांडले आहे. पण त्या बाईला समजावून मी काय सांगणार होते? तिसरं वाचलं होतं आणि ते समोर अंगणात कोंबडीच्या मागे धावत होतं. माझ्याकडे तिला द्यायला होतं काय, तर काटा! एकीकडे माझी सगळी घरं, दुसरीकडे हिची एकुलती एक. मी बॅगेची चेन लावली आणि उठले. उठताना डोळ्यांत पाणी आलं, आणि ते रागाचं होतं की कशाचं ते मलाही सांगता येणार नाही.

तेव्हा सून दारातून म्हणाली, "ताई, ती अंगावर पीत व्हती तवा तुमी दूध कुठं मोजलं व्हतं? तिलाच मोजलं व्हतं की."

मी थांबले. सासू तिच्याकडे बघायला लागली.

"घास नका मोजू," सून म्हणाली. "जायच्या आदी पोरीला मोजा. आल्याव मोजा."

मी बॅग खाली ठेवून पुन्हा बसले. दोन वर्षं हे काम करते, पण एवढं साधं माझ्या डोक्यात आलं नव्हतं. सासूने पोरीकडे बघितलं. "पोरीला तर अंगणवाडीतबी मोजत्यात," ती म्हणाली. "त्याला काय हुतंय."

दुसऱ्या दिवसापासून आमचं सुरू झालं. टेम्पोतून मी उजाडताना पोचायची. पोरीला काट्यावर उभं करायची. हा काटा दहा-दहा ग्रॅमचा फरक दाखवतो, पण तेवढ्यात पोर शू करून बसली तर सगळंच मुसळ केरात, म्हणून मी नारायणगावातून डायपर आणले होते. अडीच वर्षांच्या घोडीला डायपर बांधताना सासू हसून हसून खोकायला लागली. पोरीने पहिल्या दिवशी काट्यावर नाच केला, आकडा ठरेचना. शेवटी मीच तिच्यासमोर उभं राहून स्वतःचे दोन्ही कान धरले, तेव्हा ती बघत राहिली आणि काटा स्थिरावला. मग फेरी, आणि आल्यावर पुन्हा वजन. पाच घरच्या बायांना मी फक्त "आज काय केलंय हो सकाळी?" एवढंच विचारायची. ते तर गावात कुणीही कुणाला विचारतं. पहिल्या दिवशी फरक आला दीडशे ग्रॅमच्या वर. दुसऱ्या दिवशीही तेवढाच. मी मनातल्या मनात गुणाकार केला आणि जरा श्वास सोडला. तिसऱ्या दिवशी तेच झालं की सुटले.

तिसऱ्या दिवशी मेंढ्यावाल्यांच्या दाराला कुलूप.

बेल्ह्याचा बाजार होता. चार मेंढरं विकायला घरातली सगळी पहाटेच टेम्पोत बसून गेली होती, म्हातारीसुद्धा. सून दारापुढे उभीच राहिली. बाकी सगळी वस्ती भावकीची, ती घरं चालत नाहीत. परका माणूस दुसरा कुणी जवळपास नव्हता. मागायला लागून दोन वर्षं होत आली होती आणि आजवर एक सकाळ चुकली नव्हती, असं सासूनेच मला सांगितलं होतं. सुनेचा हात पोरीच्या पाठीवर थापट्या मारत होता, आणि त्या थापट्या उगाचच जोरात पडत होत्या. पोरगी कुलपाकडे बोट दाखवून "आजी, आजी" करत होती.

मी कुंपणाच्या दगडावर बॅग घेऊन टेकले होते. सून वळली. माझ्याकडे बघितलं, मग माझ्या बॅगेकडे. चालत माझ्यासमोर आली, पोरीला खाली उतरवलं, दोन्ही हातांनी पदर पुढे धरला आणि म्हणाली, "वाढा माय."

मला 'माय' म्हणाली. रोज मला ताई म्हणायची.

बिस्किटाचा तुकडासुद्धा नाही, हा नियम मी दुसऱ्यांना शिकवते. नव्या पोरी कामाला आल्या की मीच त्यांना दम देते. मोजमापाचे शेवटचे तीन दिवस, त्यातला शेवटचा, आणि त्यावर माझं सगळं अवलंबून. हे सगळं माझ्या डोक्यात होतं, खोटं कशाला सांगू. पण हात आधीच डबा उघडत होते. मेथीची भाजी आणि बाजरीची भाकरी होती, पहाटे घाईत केलेली. मी भाकरी मोडली, भाजी लावली आणि पोरीच्या तोंडाशी नेली. मला वाटलं, काटेवालीच्या हातचं ही खायची नाही. तिने खाल्लं. मग माझा गुडघा धरून उभी राहिली आणि तोंड उघडलं. अर्धी भाकरी खाल्ली तिने. सून समोर उभी राहून रडत होती आणि पदराने पोरीचं तोंड पुसत होती.

घरी आल्यावर पोरीला काट्यावर उभं केलं. फरक आदल्या दोन दिवसांएवढाच.

त्याच दुपारी वस्तीवरूनच मी मॅडमना फोन लावला. लपवायचं काही नाही असं ठरवलं होतं, म्हणून सगळं सांगितलं. टेम्पो, पाच घरं, वजन आधी आणि नंतर, आणि शेवटी डबा. डब्याचं सांगताना आवाज बारीक झाला. मला वाटलं, संपलं.

"तुम्ही दिलं ते मोजलं होतं?" मॅडमनी विचारलं.

"नाही."

"का?"

"मागितलेलं मोजत नाहीत, मॅडम."

पलीकडून मग कागद उलटल्याचा आवाज. "पहिल्या दोन दिवसांचे आकडे बसतायत," त्या म्हणाल्या. "अगदी बसतायत. तिसऱ्या दिवसाचंही वजनावरून काढता येईल. जे झालं ते तसंच लिहा, कुणाकडचं खाल्लं त्यात स्वतःला लिहा." आणि मग, "मी मागे तुम्हाला जे विचारलं, ते विसरून जा. आता सांगा, मेथीत कूट घातला होता का? आणि तेल किती?"

माझा जीव असा भांड्यात पडला म्हणून सांगू! मी ओट्यावर बसून मोठ्याने हसायला लागले. सासू आतून धावत आली, बाईला काय झालं म्हणून. झालं काही नव्हतं. दोन वर्षं मी दुसऱ्यांच्या भाजीतलं तेल चमच्या-चमच्याने मोजत होते, आणि माझ्या स्वतःच्या भाजीत किती घालते ते मला सांगता येत नव्हतं.

गेल्या महिन्यात पोरीचं तिसरं सरलं. पाच घरांना जेवायला बोलावणं होतं, आणि मलाही निरोप आला, मालकांना घेऊन या. आम्ही पोचलो तेव्हा ओट्यावर पाटांची ओळ मांडली होती. सुतार आलेले, मास्तर आलेले, दुकानवाला, डेअरीवाला आणि टोकाला मेंढ्यावाली म्हातारी, तिच्या मांडीवर पोर. मला काय, मोजायची सवय, नजर आपोआप फिरते. एकेका घराच्या पाटापुढे एकेक रांगोळी घातली होती. घरं पाच आणि रांगोळ्या सहा. मी बाजूला उभी राहिले.

सासूने मला हाताला धरून सहाव्या पाटाशी नेलं. "बसा," ती म्हणाली. "तुमच्या घरचंबी खाल्लंय तिनं."